ताटातून काय काढायचे? अन्नाची अ‍ॅलर्जी आणि लहान मुलांची वाढ

अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि त्यावर तुटून पडते, तेव्हा अन्नाची अ‍ॅलर्जी होते. मोठ्या माणसाला अशी अ‍ॅलर्जी असली तर तो पदार्थ टाळून त्याचे फारसे अडत नाही, कारण त्याची वाढ होऊन गेलेली असते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे मात्र अडते. जन्मावेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट व्हावे लागते. ५० सेंटिमीटरच्या आसपासची लांबी पहिल्या वाढदिवसापर्यंत ७५ च्या घरात जावी लागते आणि दुसऱ्या वर्षी त्यात आणखी सुमारे १२ सेंटिमीटरची भर पडते. या काळात आहारातला एखादा मुख्य पदार्थ निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, तर काही आठवड्यांतच वजनाची रेषा आडवी होते.

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळी धार येते. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, कापूस आणि वसमतची हळद ही इथली पिके. शिवारात डाळींची रेलचेल दिसली तरी शेतमजुराच्या घरातल्या दीड वर्षाच्या मुलाचे ताट दोन-चार पदार्थांतच आटोपते: वरणात कुस्करलेली भाकरी, भात, चहात बुडवलेले बिस्कीट, एखाद्या दिवशी अंडे. अशा ताटातून काही काढण्याआधी पक्की खात्री हवी. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. खरी अ‍ॅलर्जी ओळखली न गेल्याने काही थोडी मुले खंगतात. नसलेली अ‍ॅलर्जी आहे असे धरून अन्न तोडल्यामुळे त्याहून कितीतरी जास्त मुलांचे नुकसान होते.

खऱ्या अ‍ॅलर्जीचे दोन ढोबळ प्रकार आहेत. पहिला तात्काळ उमटणारा. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलट्या होतात, श्वास घरघरतो. खेड्यात याला अंगावर पित्त उठले म्हणतात आणि आमसूल लावतात. हा प्रकार आईच्या सहज लक्षात येतो, कारण खाणे आणि त्रास यांत अंतर नसते. दुसरा प्रकार उशिरा उमटतो आणि बहुधा आतड्यात घडतो. शौचातून रक्ताच्या रेषा जाणे, आठवडेच्या आठवडे पातळ शौच होणे, दूध पिताना मूल पाठ ताठ करून रडणे, वजन न वाढणे अशी त्याची रूपे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या बालपोटविकार विभागाने दुधाच्या अ‍ॅलर्जीची जी मुले अभ्यासली, त्यांतही रक्त पडणे आणि लांबलेली हगवण हीच ठळक लक्षणे होती. याच दुसऱ्या प्रकारात एक विशेष घातक आजार मोडतो: पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी मूल ओकून ओकून पांढरे पडते आणि मलूल होते. त्याला कारणीभूत अन्नांमध्ये तांदूळही आहे. बाळाला पहिला घास मऊ भाताचा किंवा पेजेचा देणाऱ्या मुलखात हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवलेच पाहिजे, नाहीतर दर वेळी ‘जंतुसंसर्ग’ म्हणून सलाइन लागते आणि घरी गेल्यावर पुन्हा तीच पेज भरवली जाते.

अ‍ॅलर्जी म्हणून जे सांगितले जाते त्यातले बरेच काही अ‍ॅलर्जी नसते. हगवणीनंतर आतड्याच्या अस्तरातले लॅक्टेज हे विकर काही दिवस कमी पडते, दुधातली साखर पचत नाही आणि शौच आंबट, फेसाळ होऊ लागते. हा प्रथिनांचा प्रश्न नव्हे, साखरेचा आहे. अशा मुलाला दही-ताक बहुधा सोसते आणि दोन-तीन आठवड्यांत दूधही पचू लागते. दुधाच्या प्रथिनांची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र ताकही चालत नाही. या दोहोंतला फरक न केल्याने पंधरा दिवसांचे पथ्य दोन-दोन वर्षे चालते.

गव्हाचा सिलिअ‍ॅक आजार हाही अ‍ॅलर्जीचा प्रकार नाही. ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि त्याची पहिली खूण कित्येकदा खुंटलेली उंची असते. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण उत्तरेत सुमारे १.२ टक्के आणि दक्षिणेत ०.१ टक्के निघाले. या दोहोंच्या मध्ये असलेल्या मराठवाड्यात रेशनच्या गव्हाने ज्वारीला बरेच मागे सारले आहे, म्हणून उंची खुंटलेल्या आणि लोह देऊनही रक्त न वाढणाऱ्या मुलाची ही तपासणी करण्यासारखी असते. तपासणीआधी गहू बंद करू नये, कारण मग रक्तचाचणी खोटी निर्दोष येते. निदान पक्के झाल्यावर ज्वारीची भाकरी हे इथले सर्वांत सोपे उत्तर. फक्त दळण जपावे लागते. गावच्या गिरणीत गव्हाच्या दळणावर लगेच ज्वारी टाकली तर जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते आणि मूल ‘पथ्य पाळूनही’ सुधारत नाही. अशा घराने ज्वारी वेगळी दळावी, घरी जाते असेल तर फारच उत्तम.

प्रमाणाचा विचार केला तर काटेकोर तपासणीत आकडे पुष्कळच खाली येतात. युरोपातल्या नवजात बालकांच्या बहुराष्ट्रीय अभ्यासात, पदार्थ प्रत्यक्ष खाऊ घालून खात्री केल्यावर, गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी ०.५४ टक्के मुलांत आढळली. त्याच प्रकल्पाशी जोडलेल्या आशियातील पाहणीत कर्नाटकातल्या शाळकरी मुलांत अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी अवघी ०.१४ टक्के निघाली. कर्नाटकातल्या प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आकडा त्याहून बोलका आहे: रक्तचाचणीत २६.५ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या अन्नाला ‘संवेदनशील’ दिसले, पण अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता १.२ टक्क्यांतच होती. म्हणजे चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येणाऱ्या बहुसंख्य माणसांना तो पदार्थ बिनघोर पचत होता. शहरातल्या प्रयोगशाळेत एकाच नमुन्यावर शंभर-दोनशे पदार्थांचा तक्ता काढून देण्याची पद्धत आहे. त्यातल्या आयजीजी प्रकारच्या चाचण्यांना तर अ‍ॅलर्जीच्या निदानात काही स्थानच नाही. असा तक्ता हातात घेऊन आईबाप दूध, अंडे, गहू, शेंगदाणा, तूर एका दमात बंद करतात, तेव्हा कागदावरचा आजार ताटात उतरतो.

अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीतले दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, तीळ हे सारे हिंगोलीच्या घरात आहेतच. त्यात हरभऱ्याची भर घालायला हवी. मुंबईतल्या संशोधकांनी २००१ साली हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीवर काम प्रसिद्ध केले आणि भारतीय उपखंडात हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे दाखवून दिले. युरोप-अमेरिकेतून आलेल्या चाचणी-संचांत त्याला फारसे स्थान नसते. पिठले, शेव, डाळे, पुरणपोळी, लाडू अशा नाना रूपांत हरभरा पोटात जातो, त्यामुळे ‘कशाने होते ते कळत नाही’ अशा मुलाच्या बाबतीत तो आठवणीने विचारावा.

अ‍ॅलर्जीमुळे वाढ खुंटते ती एकाच वाटेने नव्हे. सुजलेल्या आतड्याच्या अस्तरातून अन्न नीट शोषले जात नाही. रक्ताच्या बारीक रेषांतून लोह आणि प्रथिने गळत राहतात. इसबाची खाज रात्रीची झोप मोडते. दर घासाला पोट दुखलेले मूल घास पाहूनच तोंड फिरवते आणि ही खोड मूळ आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने राहते. या सगळ्यांवर कडी करते ती अपुऱ्या विचाराने केलेली अन्नबंदी. फिनलंडमध्ये दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या १०० बालकांच्या १९९८ च्या अभ्यासात दूध वगळलेल्या आहारावर लांबी आणि वजन दोन्ही मागे पडलेली दिसली. लक्षणे लवकर सुरू झालेल्या मुलांत घट जास्त होती. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात दोन किंवा अधिक पदार्थांची अ‍ॅलर्जी असलेली मुले एकाच पदार्थाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपेक्षा बुटकी निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, २००१ साली, अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी एक अस्वस्थ करणारा अहवाल दिला होता. सात मोठ्या रुग्णालयांत नऊ वर्षांत १२ मुले क्वाशिओर्कर घेऊन आली होती: पाय सुजलेले, कातडी सोललेली. बहुतेकांच्या घरी अन्नाची ददात नव्हती. दुधाची खरी किंवा गृहीत धरलेली अ‍ॅलर्जी, अडाणीपणाने निवडलेला आहार आणि दुधाऐवजी भातापासून केलेले पांढरे पेय यांनी त्यांना तिथवर आणले होते. गरिबीशिवायही हे घडते, मग गरिबीत काय होईल, हा प्रश्न मराठवाड्याने स्वतःला विचारायला हवा.

कारण इथली जमीन आधीच भुसभुशीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय होता. यामागची मोठी कारणे अ‍ॅलर्जीची नाहीत. आईचे कमी वय आणि कमी वजन, जन्मतःच हलके बाळ, वरचे अन्न उशिरा आणि पातळ देणे, पुन्हा पुन्हा होणारी हगवण, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना पाठीवर निघालेले बालपण, ही ती कारणे. वारंवार हगवणीने आतड्याचे अस्तर झिजते आणि ते चित्र अ‍ॅलर्जीने झिजलेल्या अस्तरासारखेच दिसते. म्हणून वजन न वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत अ‍ॅलर्जीचा विचार या सगळ्यांनंतर करावा, पण करावा जरूर.

न ओळखलेल्या अ‍ॅलर्जीचा सर्वांत अवघड प्रसंग पोषण पुनर्वसन केंद्रात उभा राहतो. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले, गुंतागुंत झालेले मूल तिथे दाखल होते आणि त्याला एफ-७५, मग एफ-१०० हे दुधाचे उपचारी आहार दिले जातात. गावपातळीवर दिल्या जाणाऱ्या दाट उपचारी पेस्टमध्ये शेंगदाणा आणि दूधभुकटी असते. जवळजवळ सगळ्या मुलांना हे आहार जीवदान देतात. दररोज दर किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त वजन वाढले तर प्रतिसाद चांगला, ५ ग्रॅमपेक्षा कमी वाढले तर वाईट मानतात. वाईट प्रतिसादाच्या मुलात आधी जंतुसंसर्ग, क्षयरोग, भरवण्यातल्या त्रुटी पाहाव्या लागतात. तेही सगळे धुंडाळून झाले, शौचात रक्त येत राहिले आणि दुधाची मात्रा वाढवली की त्रासही वाढला, तर त्याच दुधाकडे संशयाने पाहायला हवे. अशा मुलाला ‘अजून दूध द्या’ म्हणणे म्हणजे आजारच भरवणे.

उलट दिशेची अन्नबंदी मात्र घरोघर चालते आणि तिला कोणी अ‍ॅलर्जी म्हणतही नाही. हगवण लागली की दूध आणि वरण बंद. बाळंतिणीला डाळ वातूळ म्हणून महिनाभर नुसता भात आणि तूप. अंडे उष्ण, केळे आणि दही थंड. अंगावर पुरळ दिसले की तूर बंद. यातल्या प्रत्येक नियमामागे मूल जपण्याचीच इच्छा असते, पण वाढत्या मुलाच्या वाट्याची प्रथिने आणि लोह त्यातून कापले जाते. त्यावर एखाद्या दवाखान्यातून ‘दुधाची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का आला की आधीचे निर्बंध तसेच राहून नवे त्यात मिळतात.

दुधाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,००० कॅलरी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हशीच्या ३०० मिलिलिटर दुधातून अदमासे ३२० कॅलरी, ११ ग्रॅम प्रथिने आणि ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, म्हणजे उष्मांकाचा तिसरा आणि कॅल्शियमचा पाऊण हिस्सा. हे दूध बंद करताना जो डॉक्टर त्याच चिठ्ठीवर बदली अन्न लिहून देत नाही, त्याने अर्धाच उपचार केला असे म्हणावे लागते. हेही खरे की पुष्कळ घरांत दूध डेअरीला जाते आणि मुलाच्या वाट्याला चहाच येतो. तिथे दूध तोडल्याने मुलाच्या ताटातून फारसे काही जात नाही.

बदल काय द्यायचे ते वयावर ठरते. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध कधीही तोडू नये. आईने खाल्लेल्या दुधातले प्रथिन अंगच्या दुधात थोडे उतरते, म्हणून लक्षणे ठसठशीत असतील तर आईने दोन ते चार आठवडे दूध-दुधाचे पदार्थ सोडून पाहावे. त्या काळात तिला कॅल्शियमच्या गोळ्या हव्यातच. वरच्या दुधावरच्या बाळासाठी प्रथिने बारीक तोडलेली खास भुकटी मिळते, पण तिची किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असते. सहा महिन्यांनंतर सोयायुक्त शिशुआहार हा स्वस्त पर्याय ठरतो, जरी दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. गायीचे सोसत नाही म्हणून शेळीचे दूध सुरू करणे ही गावातली सर्वांत रूढ चूक. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी असतात की दहांतल्या नऊ मुलांना तीही बाधतात. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट अगदी कमी असल्याने नुसत्या त्याच्यावर वाढवलेल्या बाळाचे रक्त उतरते. तांदळाची पेज किंवा घरी वाटलेले सोयाचे पाणी ही दुधाची जागा घेऊ शकत नाहीत.

वर्षानंतरच्या मुलाची सोय हिंगोलीच्या शिवारातूनच होते, मात्र एका पदार्थाने नव्हे. ज्वारी आणि तूर-मुगाचे वरण एकत्र खाल्ले की एकातले उणे दुसरे भरून काढते. भाजून-शिजवून दळलेले सोयाबीन भाकरीच्या पिठात थोडे मिसळता येते. कच्चे सोयाबीन पचन बिघडवते, म्हणून शिजवणे सोडू नये. शेवग्याचा कोवळा पाला वरणात घालावा, दररोज एक अंडे द्यावे, घासावर चमचाभर तेल ओतावे. तिळात कॅल्शियम पुष्कळ असले तरी त्यातले थोडेच अंगी लागते, त्यामुळे दूध पूर्ण बंद असलेल्या मुलाला कॅल्शियमचे औषध आणि ‘ड’ जीवनसत्त्व द्यावेच लागते, नाहीतर मुडदूस होतो. आशा किंवा अंगणवाडी सेविकेकडून आठवड्यातून दोनदा मिळणारे लोहाचे द्रव औषध अशा मुलाचे चुकता कामा नये.

अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी पदार्थ उशिरा सुरू करावेत, ही जुनी समजूत आता उलटली आहे. ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची २००८ साली तुलना झाली, तेव्हा लहानपणी शेंगदाणा न खाणाऱ्या ब्रिटिश मुलांत त्याची अ‍ॅलर्जी दहापट निघाली. मग २०१५ च्या लंडनच्या प्रयोगाने दाखवले की जोखमीच्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिल्यास पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होते. उष्टावण सहाव्या महिन्यात करून नंतर शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट वरणात कालवणे, पूर्ण उकडलेले अंडे थोडे थोडे भरवणे हे त्याच वाटेवरचे आहे. आख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. ज्या बाळाला तीव्र इसब आहे, त्याला हे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावेत. इसबाने चिरलेल्या कातडीतून अन्नाची प्रथिने आत शिरली तर अ‍ॅलर्जी जडू शकते. सुजलेल्या कातडीवर शेंगदाणा तेलाची मलमे लावण्याचा आणि पुढे होणाऱ्या शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा संबंध ब्रिटनमध्ये २००३ साली दिसून आला. डाळीचे पीठ आणि दुधाची साय लावून बाळाला न्हाऊ घालण्याची आपली रीत अशा बाळापुरती थांबवावी आणि तिथे साधे, सुवासाविना मलम वापरावे.

निदानाचा कणा चांगली हकिकत हाच आहे: काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर तेच झाले का. उशिरा उमटणाऱ्या प्रकारात संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात आणि सुधारणा दिसली तरी पुन्हा देऊन खात्री करतात. ही दुसरी पायरीच बहुतेक ठिकाणी गळते, कारण मूल बरे झाल्यावर पुन्हा धोका पत्करायला घर तयार नसते. पण तिच्याविना निदान अपुरे राहते. तात्काळ उमटणाऱ्या प्रकारात ही खात्री फक्त रुग्णालयात, औषधे हाताशी ठेवून करतात. पूर्वी हिंगोलीकरांना त्यासाठी नांदेड गाठावे लागे. २०२४ पासून जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पथ्यावरच्या मुलाचे वजन दरमहा आणि लांबी दर दोन-तीन महिन्यांनी मोजावी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर मांडावी. आधी वजन घसरते, मग लांबी रेंगाळते. अंगणवाडीत वजन बहुधा होते, लांबी घाईत आणि चुकीची मोजली जाते. ताठ झोपवून, गुडघे हलके दाबून दोघींनी मिळून मोजल्याशिवाय तिचा आकडा विश्वासाचा नसतो. अंगणवाडीच्या नोंदवहीत मुलाला चालत नसलेला पदार्थ ठळक लिहिलेला असावा, कारण घरपोच आहाराच्या पाकिटात आणि गरम ताज्या आहारात गहू, सोया, शेंगदाणा, डाळ एकत्र असतात. बांधीव पाकिटांवर दूध, अंडे, गहू, सोया, शेंगदाणा यांचा उल्लेख २०२० च्या लेबल नियमांनी बंधनकारक आहे. आठवडी बाजारातल्या सुट्या फरसाणाला आणि पेढ्याला तसली सोय नाही.

ज्या मुलाला एकदा धाप किंवा शुद्ध हरपण्यापर्यंत त्रास झाला आहे, त्याच्या घराला पुढचा प्रसंग कसा हाताळायचा हे सांगून ठेवावे. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या मात्रेने, विनाविलंब द्यायचे असते. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि सिरप त्याची जागा घेत नाहीत. लसीकरणासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते ठेवलेलेच असते, म्हणून जिल्हा रुग्णालयाकडे धावण्याआधी जवळचे केंद्र गाठावे आणि १०८ ला फोन करावा.

दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत मावळते. शेंगदाण्याची सुमारे पाचांतल्या एकाच मुलात जाते. म्हणून दूध आणि अंड्याचे पथ्य दर सहा ते बारा महिन्यांनी तपासून पाहतात. चांगले भाजलेल्या पदार्थातले दूध आधी सोसते, त्यामुळे सौम्य अ‍ॅलर्जीच्या मुलात सुरुवात दूध घातलेल्या बिस्किटाच्या तुकड्याने होते, मग दही, शेवटी ताजे दूध. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या हातात या तपासणीची तारीख, बंद असलेला पदार्थ आणि त्याऐवजी द्यायचे अन्न लिहिलेले कार्ड असले तर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याजवळचा डॉक्टरही ते पथ्य योग्य वेळी सोडवू शकतो.